ठपका की तुरुंग? पोलीस दलातील अपहाराचा दीडशे वर्षांचा पेच

#थ्रेड

१/ मुद्देमाल कक्षातील जप्त रोकड एखाद्या हवालदाराने घरी नेली आणि महिन्याभराने गुपचूप परत ठेवली. ही बेशिस्त म्हणावी की गुन्हा? उत्तर कोण देतो, यावर त्या हवालदाराचे पुढील आयुष्य ठरते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा अधिकार कसा घडत गेला, त्याचा हा इतिहास.

२/ निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड ब्रिटिशांच्या हवाली केला. आजचा यवतमाळ पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई; १९०५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. येथील पोलीस व्यवस्था १८६१ च्या पोलीस कायद्याच्या चौकटीत उभी राहिली. १८५७ च्या उठावानंतर आलेल्या या कायद्याचा भर जनतेला उत्तरदायी असण्यापेक्षा वरिष्ठांच्या आज्ञेवर होता.

३/ या कायद्यात शिक्षेच्या दोन पायऱ्या होत्या. कलम ७ नुसार जिल्हा पोलीस अधीक्षक कनिष्ठ कर्मचाऱ्याला बडतर्फ वा निलंबित करू शके, एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड करू शके, किंवा पंधरा दिवस बराकीत अडकवून कवायत करवून घेऊ शके. कलम २९ नुसार कर्तव्यात कसूर करणारा मॅजिस्ट्रेटपुढे उभा राही. कमाल शिक्षा तीन महिन्यांची कैद.

४/ तिसरी पायरी या कायद्याबाहेर होती. १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ४०९ सांगे की सोपवलेल्या मालाचा लोकसेवकाने अपहार केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेप (तेव्हाचे काळे पाणी). कलम ४०३ चे स्पष्टीकरण त्याहून नेमके होते: अप्रामाणिकपणे केलेला तात्पुरता अपहारही अपहारच. रक्कम परत ठेवल्याने गुन्हा पुसला जात नाही.

५/ पेच येथेच आहे. त्याच कृत्याला ‘निष्काळजीपणा’ म्हटले तर एक पगार जातो. ‘विश्वासघात’ म्हटले तर दहा वर्षे. आणि हे नाव प्रथम ठरवतो तो त्याच दलाचा अधिकारी. दलाची अब्रू राखायची असेल, तर बदली आणि ठपका हा सोपा मार्ग. एखादा शिपाई नकोसा झाला असेल, तर पुराव्याविना बडतर्फी हाही तितकाच सोपा.

६/ १९०२ मध्ये नेमलेल्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. पुढच्याच वर्षी वऱ्हाड त्या प्रांताला जोडला गेला. लोक पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी मानतात, असा कठोर निष्कर्ष या आयोगाने नोंदवला.

७/ स्वातंत्र्यानंतर मनमानी बडतर्फीला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ ने आळा घातला: आरोप कळवा, चौकशी करा, बाजू मांडू द्या. १९५४ मध्ये व्यंकटरमण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की विभागीय चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. त्यामुळे चौकशीत शिक्षा झालेल्यावर न्यायालयातही खटला चालू शकतो.

८/ राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा येथेही लागू झाला. त्याच्या कलम १६१ ने कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्यावरील खटल्याला सहा महिन्यांची मुदत घातली. १९६३ मध्ये खोट्या पंचनाम्याचा आरोप असलेला एक हेडकॉन्स्टेबल याच मुदतीमुळे सुटला. १९६६ मध्ये मात्र न्यायालयाने रेषा आखली: लाच घेणे हे कर्तव्याच्या आवरणात बसत नाही.

९/ दरम्यान १९५७ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्थापन झाला. ठाण्यातील माणसाची चौकशी त्याच्या नेहमीच्या साहेबांखेरीज दुसऱ्या कोणी करावी, हे तत्त्व त्यातून रुजले.

१०/ दोन्ही मार्गांत पुराव्याची फूटपट्टी वेगळी. विभागीय चौकशीत संभाव्यतेचे पारडे पुरते. न्यायालयात वाजवी संशयापलीकडे सिद्धता लागते. म्हणून निर्दोष सुटलेला कर्मचारी आपोआप नोकरीत परत येतोच असे नाही.

११/ १ जुलै २०२४ पासून कलम ४०९ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) ने घेतली. क्रमांक बदलला, पेच तोच आहे. उशिरा येणे, गणवेशातील हलगर्जी, उद्धट उत्तर ही दलाची घरगुती बाब. मुद्देमालातील रोकड मात्र दलाची नव्हेच. ती कुणा फिर्यादीची, कुणा शेतकऱ्याची आहे. ज्याचे पैसे गेले, त्याच्याऐवजी साहेबाने क्षमा करावी काय?