सर्किट बघितलंस का?

तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधन करणार असाल तर माझी एक चूक आधीच सांगून ठेवतो. हौशी रेडिओवरच्या प्रकरणात मी बिनधास्त लिहिलं होतं, की ‘आयएफ शिफ्ट’ १९७६च्या सुमारास केनवुडच्या टीएस-८२०बरोबर पहिल्यांदा आलं. शब्द शोधला, सापडला, विषय संपला! मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “सर्किट बघितलंस का?”

आधी हे करतं काय ते बघू. रिसीव्हरमधला क्रिस्टल फिल्टर म्हणजे ठरावीक रुंदीची खिडकी. शेजारचं स्टेशन एका कडेने आत डोकावतंय, पण खिडकी काही हलत नाही. मग व्हीएफओ थोडा सरकवून सिग्नलच खिडकीत बाजूला घ्यायचा. तेवढंच केलं तर बोलणाऱ्याचा आवाज बदकासारखा होतो. म्हणून फिल्टरनंतरचा बीएफओही तेवढाच सरकवायचा.

सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हरला ही सोय जोडणं सोपं वाटतं: दोन ऑसिलेटर, दोन व्हॅरॅक्टर डायोड, एक नॉब. पण हौशींची लाडकी जोडी घ्या, ९ मेगाहर्ट्झचा आयएफ आणि ५ ते ५.५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ. ८० मीटरवर ३.५ + ५.५ = ९. २० मीटरवर १४ − ५ = ९. म्हणजे व्हीएफओ वर नेला की पहिल्या बँडवर सिग्नल खिडकीत वर जातो, दुसऱ्यावर खाली! बँड बदलला की बीएफओची दिशाही उलटी करायची. त्यात व्हीएफओ डायलच्या एका टोकाला जेवढा सरकतो, तेवढा दुसऱ्या टोकाला सरकत नाही. थोडक्यात, बदक परत येतंच.

टीएस-८२० सिंगल कन्व्हर्जनच होता, पण त्याच्या पीएलएलच्या लूपमध्ये कॅरियर ऑसिलेटरही घेतलेला होता. तो जेवढा सरकेल तेवढाच मुख्य ऑसिलेटर आपोआप सरकणार. डोकं आहे, मानलं पाहिजे.

मग सर्किटं चाळताना कॉलिन्सचा १९५५चा ७५ए-४ समोर आला. बहुतेक बँडवर डबल कन्व्हर्जन, आणि नाव ‘पासबँड ट्यूनिंग’. म्हणून माझ्या शोधात तो आलाच नव्हता. त्यात नॉब फिरवला की बीएफओ आणि ट्यूनिंग ऑसिलेटरचं अख्खं धड एका धातूच्या पट्टीने एकदम फिरतं. कल्पना तीच, वीस वर्षं आधी.

‘पहिल्यांदा’ हा शब्द खोडला. आता प्रकरण दोन ऑसिलेटर कशाने बांधले यावर आहे, आणि ते पुन्हा पहिल्या पानापासून लिहितोय.