तिकीट आणि अंतर

२०२० च्या पावसाळ्यातील एक रविवार. थाटीपुरच्या आमच्या घरी सायंकाळी नाटक होते. नट आपापल्या घरी होते, प्रेक्षक आपापल्या घरी होते आणि नाट्यगृह कोठेच नव्हते. सौभाग्यवतींनी मात्र नाटकाला जाताना नेसावी तशी साडी नेसली होती. नातवाने मोबाइल दूरदर्शन संचाला जोडून दिला. तिकीट एक काढले होते आणि समोर बसलेली माणसे पाच होती. दुसऱ्या प्रवेशात चित्र गोठले, आवाज गेला आणि चार-पाच मिनिटांनी परत आला, तोवर एक महत्त्वाचा संवाद होऊन गेला होता. राज्य शासनाच्या सेवेत आयुष्यभर हिशोब तपासण्याची सवय लागलेली असल्यामुळे नाटक संपल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की आज आपण नेमके काय विकत घेतले?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. मराठी नाटकाच्या इतिहासात तो निदान एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' सादर केले. तो प्रयोग सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने झाला. तेथील प्रेक्षक हे निमंत्रित होते. त्यांनी काही विकत घेतले नव्हते आणि भाव्यांनीही काही विकले नव्हते. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. पोटासाठी भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईस आले आणि तेथे त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाने दिलेली बिदागी जाऊन प्रेक्षकाने मोजलेले पैसे आले. ही घटना आपण बहुधा व्यवहाराची म्हणून बाजूला ठेवतो, पण तिचा अर्थ मोठा आहे. निमंत्रणासाठी ओळख लागते, तिकिटासाठी ती लागत नाही. ज्याच्या गाठीस चार पैसे आहेत, त्याला दार उघडणे भाग पडते. मराठी नाटक लोकांचे झाले ते त्या तिकिटामुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे या तिकिटाने पोट भरण्यापलीकडची कामेही केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या मंडळींनी एकत्र येऊन 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या रात्री ज्यांनी तिकीट घेतले, त्यांनी गाणे ऐकलेच, शिवाय एका राष्ट्रीय कार्यात आपली हजेरीही लावली.

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना हा इतिहास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तो आपल्या घरांतूनही घडला आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांची छावणी येथे पडली, तिचेच पुढे लश्कर शहर झाले आणि त्या लश्करच्या आसपास आपले पूर्वज स्थिरावले. संस्थान होते तोवर कलेला दरबाराचा आधार होता. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि त्यानंतर येथील मराठी नाटक जगले ते हौशी संस्थांच्या बळावर. दाल बाजारातील नाट्यमंदिर आणि आर्टिस्ट्स कंबाईन ही नावे आपल्या परिचयाची आहेत. या शहरात तिकीटबारीवर रांग लागून नाटक चालेल, इतकी मराठी वस्ती कधीच नव्हती. म्हणून तिकीटपुस्तिका घेऊन कार्यकर्ते घरोघरी जात. चहा होई, घरच्यांची चौकशी होई आणि उठताना दोन तिकिटे फाडून दिली जात. आपल्याकडे तिकीटबारी अशी चालत आपल्या दाराशी येत असे.

मार्च २०२० मध्ये हे सारे थांबले. साथीमुळे नाट्यगृहे बंद होणे जगाला नवीन नव्हते. लंडनमध्ये १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे नाट्यगृहे दीर्घकाळ बंद होती आणि त्याच काळात, १५९३ मध्ये, शेक्सपिअरचे 'व्हीनस अँड अडोनिस' हे काव्य छापले गेले. नाटक थांबले की नाटककाराला दुसरा बाजार शोधावा लागतो, हेच त्यातून दिसते. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्याच कायद्याचा आधार घेऊन सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, राज्याराज्यांतून आदेश निघाले. शासकीय सेवेत राहिलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटत नाही. माणसांपेक्षा कायदे दीर्घायुषी असतात.

महाराष्ट्रात नाट्यगृहे पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० पासून. सांगलीच्या त्या पहिल्या प्रयोगाचा, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाचा, हा दिवस. अट अशी की, निम्म्याच खुर्च्या भरावयाच्या. डिसेंबरात पुण्यात प्रशांत दामले यांनी 'एका लग्नाची पुढची गोष्ट' या नाटकाने पडदा उघडला. त्या दिवसांत निम्म्या नाट्यगृहापुढे 'हाऊसफुल्ल'चा फलक लावण्याची विचित्र पाळी मराठी नाटकावर आली. दुसऱ्या लाटेत पुन्हा टाळे लागले, २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा निम्म्या खुर्च्यांची परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध पूर्णपणे उठले.

निम्म्या खुर्च्या म्हणजे निम्मा नफा, असा सामान्य समज असतो. हिशोब तसा नसतो. उदाहरणादाखल सहाशे खुर्च्यांचे नाट्यगृह आणि सरासरी दोनशे रुपयांचे तिकीट धरू. सगळ्या खुर्च्या भरल्या तर एक लाख वीस हजार रुपये येतील. नाट्यगृहाचे भाडे, नटांची नाईट, रंगमंच कामगारांची मजुरी, नेपथ्याचा टेम्पो, जाहिरात मिळून पंचाहत्तर हजार खर्च धरला, तर पंचेचाळीस हजार उरतील. आता निम्म्याच खुर्च्या विकल्या तर साठ हजार येतील, पण खर्चातील एकही रक्कम निम्मी होत नाही. परिणामी पंधरा हजारांची खोट. प्रयोग जितके अधिक, तितकी खोट अधिक. बर्लिनमधील बर्लिनर आन्सांबल या नाट्यसंस्थेने मे २०२० मध्ये आपल्या सातशे खुर्च्यांपैकी सुमारे पाचशे सरळ उचलूनच टाकल्या. त्या संस्थेला शासकीय अनुदानाचा आधार होता. मराठी निर्मात्याचा सारा भरवसा तिकिटावर. तरीही ज्यांनी त्या दिवसांत प्रयोग लावले, त्यांनी तो व्यवसाय म्हणून लावला नसावा. दार पुन्हा उघडले आहे हे सांगण्यासाठी लावला असावा.

दुसरा मार्ग दूरच्या तिकिटाचा. तोही वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने तेथील ऑपेरागृहातील गायन दूरध्वनीच्या तारांवरून प्रदर्शनात आणून ऐकविले. लोक दोन्ही कानांना यंत्रे लावून ऐकण्यासाठी रांगा लावीत. १८९० पासून त्याचा रीतसर व्यवसाय सुरू झाला. यंत्रात नाणे टाकले की काही मिनिटे चालू नाटक ऐकावयास मिळे आणि वर्गणीदारांना ते घरबसल्या ऐकता येई. विख्यात कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा अशा वर्गणीदारांपैकी एक होता. १९३२ पर्यंत हा धंदा चालला. नभोवाणी आली, घरोघरी फुकट गाणे ऐकू येऊ लागले आणि तो संपला.

२०२० मध्ये हीच कल्पना नव्या साधनांनी परत आली. जुलैमध्ये ऋषिकेश जोशी यांनी दिग्दर्शित केलेले आणि तेजस रानडे यांनी लिहिलेले 'मोगरा' हे नाटक इंटरनेटवरून थेट सादर झाले. अभिनेत्री आपापल्या घरून काम करीत होत्या आणि प्रेक्षक तिकीट काढून पाहत होते. या प्रकाराला 'नेटक' असे समर्पक नाव मिळाले. त्याच सुमारास लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहाने रिकाम्या प्रेक्षागृहापुढे 'लंग्ज' हे दोन पात्रांचे नाटक करून ते थेट प्रक्षेपित केले. क्लेअर फॉय आणि मॅट स्मिथ हे दोघे रंगमंचावरही एकमेकांपासून अंतर राखून उभे होते. त्यांची तिकिटे दहा ते पासष्ट पौंडांची होती. विशेष असे की, प्रत्येक प्रयोगास नाट्यगृहात मावतील तेवढी, म्हणजे सुमारे हजारच तिकिटे विकली गेली. इंटरनेटवर जागा संपत नाहीत, शिवाय दहा पौंड देणाऱ्याला आणि पासष्ट देणाऱ्याला दिसणार एकच चित्र. तरीही लोकांनी महाग तिकिटे घेतली. कारण उघड आहे. ते खुर्चीचे पैसे देत नव्हते, तर नाट्यगृह टिकावे म्हणून देत होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले आणि त्याबरोबर थोडी शरमही वाटली. ती का, हे सांगितले पाहिजे. त्या रविवारी नाटक सुरू होण्यापूर्वी एका नातेवाइकाचा फोन आला. 'तुम्ही तिकीट काढलेच आहे, तर ती लिंक इकडेही पाठवा ना!' मी पाठविली. काही गैर करतो आहोत असे मनातही आले नाही. आपल्या समाजात नाटकाचा पास मागणे हा ओळखीचा हक्क समजला जातो, त्याचीच ही नवी आवृत्ती. पुढे 'लंग्ज'ची हकीकत वाचनात आली, तेव्हा लक्षात आले की दहा पौंडांच्या चित्रासाठी पासष्ट पौंड मोजणारा प्रेक्षक एकीकडे आणि एका तिकिटावर दोन घरे बसविणारा मी दुसरीकडे. भाव्यांनी ज्या फुकट निमंत्रणातून नाटक बाहेर काढले, त्यातच मी ते परत नेऊन बसवीत होतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. दूरच्या तिकिटाने आपल्याला एक अपूर्व गोष्ट दिली होती. दादरचा प्रेक्षक आणि थाटीपुरचा प्रेक्षक एकाच नाटकाला एकाच क्षणी बसले. पण प्रेक्षक परत नाट्यगृहात गेले आणि ती सोय बहुतांशी मागे पडली. मग उरतो तो जुनाच मार्ग. इंदूरच्या सानंद न्यासाने तो उत्तम रीतीने चालवून दाखविला आहे. सभासद वर्षाची वर्गणी आधीच भरतात, त्यांचे पाच गट आहेत आणि मुंबई-पुण्याचे नाटक आले की पाचही गटांसाठी त्याचे प्रयोग होतात. एका प्रयोगासाठी एवढ्या दूर येणे नाटकमंडळींना परवडणार नाही, पाचांसाठी परवडते. वर्गणी म्हणजे पुढच्या वर्षीही आपण येऊ, असे आगाऊ दिलेले वचनच होय.

निर्बंध शिथिल झाल्यावर आमच्या ओळखीच्या एका हौशी संस्थेने येथे छोटा प्रयोग केला. एक सोडून एक खुर्चीवर फीत चिकटविली होती. लग्नाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आम्ही उभयता मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून नाटक पाहिले. मध्यंतरात मी कार्यकर्त्यास म्हटले, 'या मधल्या खुर्चीचेही पैसे घ्या.' तो तरुण हसून म्हणाला, 'काका, ती विकायला परवानगी नाही. तिचं भाडं मात्र आम्हालाच भरावं लागतं.' परत निघताना दाराजवळच्या देणगीपेटीत मी तिसऱ्या तिकिटाची रक्कम टाकली. तेव्हा मला ती रविवारची लिंक आठवत होती.

आज फीत नाही, आदेश नाही. तरीही येथील मराठी प्रयोगांना ती मधली खुर्ची पुष्कळदा रिकामीच दिसते, आणि आता तिचा दोष कोणत्याही साथीवर टाकता येत नाही. आमच्या पिढीने मुलांना मराठी बोलावयास शिकविले, पण तिकीट काढावयास शिकविले नाही. तिकीटपुस्तिका घेऊन कोणी आपल्या दाराशी आले, तर चहा अवश्य द्यावा, पण पासाची चौकशी करू नये. घरात माणसे असतील तितकी तिकिटे मागावीत आणि जमल्यास एक अधिक.