बदलापूर गाव आणि अडलेला वाटसरू

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आपल्या परिसराच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा केली. प्रस्तुत लेखक इतिहाससंशोधक नव्हे. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना सनावळ्या पाठ करून घेतलेला तो एक निवृत्त शिक्षक आहे. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास अधिकारी पुरुषांवर सोपवून, आपल्या दारावरून गेलेल्या रस्त्याचा आणि त्या रस्त्यावर अडलेल्या माणसांचा थोडासा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

बदलापूर या नावाविषयी एक आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कल्याण बंदराकडून घाटमाथ्याकडे जाणारे स्वार येथे थांबत, दमलेली घोडी सोडून ताज्या दमाची घोडी घेत आणि पुढे निघत. जेथे घोडे बदलावयाचे ते बदलापूर. कोणी या कथेत शिवछत्रपतींचे सैन्य आणतात, तर कोणी व्यापाऱ्यांचे तांडे. ही व्युत्पत्ती इतिहास म्हणून नव्हे, आख्यायिका म्हणूनच घ्यावी हे उचित. परंतु आख्यायिकेतूनही गावाचा स्वभाव कळतो. किल्ल्यावरून किंवा देवस्थानावरून नाव सांगणारी गावे पुष्कळ आहेत. वाटसरूची गरज भागविण्यावरून आपले नाव सांगणारे गाव विरळा.

लोहमार्ग आल्यावरही हा ‘बदल’ संपला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ च्या मे महिन्यात ते बदलापूरच्या शिवारातून पळसदरी व खोपोलीपर्यंत गेले. पुढे सह्याद्री आडवा उभा होता. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे ही गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. पण मधला बोरघाट अद्याप रुळाविना होता. त्यामुळे त्या काळी पुण्यास जाणारा मनुष्य खोपोलीस आगगाडीतून उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांपैकी जे खिशाला परवडेल ते करी, १८३० साली गाड्यांसाठी खुल्या झालेल्या घाटरस्त्याने वर चढे आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. ज्यांना आपण विलायती यंत्रयुगाचे पहिले प्रवासी म्हणतो, त्यांचाही प्रवास मधल्या टप्प्यात भोयांच्या खांद्यावरून आणि बैलांच्या मानेवरूनच पुरा होत असे.

पुढे जेम्स बर्कले या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे हजारो मजुरांनी बोरघाट फोडला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांचा चढ आणि २५ बोगदे, असे हे अचाट काम १८६३ च्या एप्रिलमध्ये पुरे झाले. ते करताना कॉलऱ्याने, तापाने व अपघातांनी किती मजूर दगावले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. तरीही घाटात गाडीला एके ठिकाणी थांबून तोंड फिरवावे लागे. ती अडचण विजेच्या इंजिनांच्या काळात, १९२९ साली, नवा मार्ग काढून दूर झाली. आजही घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. म्हणजे आगगाडीसारख्या बलाढ्य वाहनालाही या वाटेवर कोणीतरी मागून हात द्यावा लागतो.

येथवरची माहिती ग्रंथांतून मिळते. आता जी हकीकत सांगतो ती कोणत्याही ग्रंथात नाही. आत्मस्तुतीचा दोष पत्करूनही ती सांगणे अवश्य वाटते.

सन १९७५ च्या मार्च महिन्यात मी अकरावीच्या जुन्या मॅट्रिक परीक्षेस बसलो. आमचे घर बदलापूर गावापासून तीन कोस आत. परीक्षेचे केंद्र कल्याणला. बैलगाडीने बदलापूर स्टेशन गाठावयाचे आणि तेथून लोकल पकडावयाची असा बेत होता. त्या वेळी या मार्गावर गाड्या मोजक्याच. एक चुकली की पेपर बुडालाच म्हणावयाचे. आमच्या घराण्यात तोपर्यंत कोणी मॅट्रिक झाले नव्हते. आईने दह्याची वाटी हातावर ठेवली आणि वडिलांनी पहाटेच्या अंधारात गाडी जुंपली. गाडी आजोबांच्या वेळची होती.

गावाच्या अलीकडे अर्ध्या कोसावर उजव्या चाकाची लोखंडी धाव निसटली आणि चाकाच्या पाट्या सुट्या होऊन गाडी एका अंगावर बसली. ज्यांच्या घरी गाडी होती त्यांना याचे कारण सांगावयास नको. फाल्गुनाच्या उन्हात लाकूड वाळून आकसते व धाव सैल होते. म्हणून जुने लोक लांबच्या प्रवासाआधी चाके रात्रभर डोहात भिजत ठेवीत. माझ्या परीक्षेच्या गडबडीत वडिलांकडून नेमके तेवढेच राहून गेले होते. त्यांनी दगडाने पाचरा ठोकून पाहिल्या, धाव बसेना. मग ते चाकापाशी तसेच बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा तो चेहरा आज पन्नास वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

इतक्यात मागून गवताच्या भाऱ्यांनी लादलेली एक गाडी आली. गाडीवान बदलापूर गावातला, वयाने वडिलांच्याच जोडीचा. काय झाले ते त्याने विचारले आणि उत्तर पुरते ऐकून न घेताच भाऱ्यांचे दोर सोडावयास लागला. वडिलांनी भाडे देऊ केले, तेव्हा तो म्हणाला, “भाड्याची गोष्ट काढू नको, दादा. गवत आता उतरवला, मंग भरता येल. पोराचा वरीस गेला तं तो कसा भरनार?”

वडील मोडकी गाडी, दोन बैल आणि त्या परक्या माणसाचे गवत राखीत रस्त्यावर थांबले. मी रिकाम्या गाडीत बसून स्टेशनवर पोचलो तेव्हा लोकल फलाटात शिरत होती. मी परीक्षा उत्तीर्ण झालो, शिक्षक झालो आणि माझ्या हाताखालून कित्येक मुले पुढे गेली. परंतु त्या दिवशी घाईत मी गाडीवानाचे नाव विचारले नाही. वडिलांनी विचारले होते म्हणावे, तर त्यांनाही ते सुचले नव्हते. निकाल लागल्यावर आम्ही पेढे घेऊन गावात गेलो, पण त्यांचा पत्ता लागला नाही. ही रुखरुख मी आजवर बाळगून आहे.

ती पुन्हा जागी झाली २०१९ च्या जुलैमध्ये. शुक्रवार, २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान, चामटोलीच्या परिसरात अडकून पडली. यंत्र बिघडले नव्हते. उल्हास नदीच खवळून रुळांवर आली होती. आत सुमारे १,०५० प्रवासी, त्यांत ९ गर्भवती भगिनी. बाहेर अंधार, पाऊस आणि चोहोकडे पाणी. कोणी अंबाबाईच्या दर्शनाला निघालेला, कोणी घरी, कोणी कामावर. ज्याचा त्याचा मुक्काम ज्याला त्याला महत्त्वाचा. शनिवारी सकाळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान होड्या घेऊन आले. नौदल, भूदल व हवाई दलही मदतीस धावले. दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले आणि त्यांना कल्याणहून कोल्हापूरपर्यंत नेण्यासाठी खास गाडीची व्यवस्था झाली.

आगगाडीतून होडीत, होडीतून बसगाडीत आणि पुन्हा आगगाडीत. स्वारांनी घोडी बदलली, बोरघाटाच्या प्रवाशांनी पालख्या बदलल्या, तसाच हाही बदल आपल्या गावाच्या शिवारातच घडला. जवानांच्या शौर्याचे वर्णन वृत्तपत्रांत सविस्तर आले, ते योग्यच झाले. परंतु आसपासच्या गावांतील जी माणसे त्या चिखलपाण्यात मदतीस गेली, ज्यांनी पाणी आणि खाण्याचे जिन्नस प्रवाशांपर्यंत पोचविले, त्यांची नावे किती जणांना सांगता येतील? माझ्या गाडीवानासारखेच तेही अनामिक राहिले.

येथे एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. वाटेत हात देणारा भेटतो, म्हणून निघणाऱ्याने निष्काळजी राहू नये. चाक आदल्या रात्रीच भिजवावयाचे असते. २००५ च्या जुलैमध्ये, त्याच २६ तारखेला, मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्या वेळी उल्हासेनेही आपल्या काठांची दाणादाण उडविली. चौदा वर्षांनी तिने आगगाडी अडविली. नदीचे पाणी कोठवर येते हे आपल्या आजोबांना झाडांच्या खुणांवरून ठाऊक होते. आता त्या झाडांच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि त्यांत राहणाऱ्या नव्या कुटुंबांना ती खूण सांगणारा कोणी उरला नाही. ज्यांना आठवते त्यांनी ती सांगावी. हेही अडलेल्याला हात देणेच आहे, केवळ अगोदर दिलेले.

ज्ञातिबांधवांना शेवटी एकच विनंती. आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि विचारावे : आपली गाडी कोठे अडली होती, कोणी ओढून काढली आणि आपण कोणाची काढली? पूर कोणत्या पायरीपर्यंत आला होता? जे कळेल ते तारखेसह वहीत उतरून ठेवावे आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाकडे द्यावे. उपकारकर्त्याचे नाव विचारण्यास संकोच करू नये. मी तो केला नव्हता, केवळ विसरलो. परंतु परिणाम एकच झाला.

बदलापूर गावच्या वृद्ध मंडळींपैकी कोणास १९७५ च्या मार्चमधील एका सकाळी, रस्त्याच्या कडेला गवताचे भारे उतरवून एका मुलाला स्टेशनवर नेल्याची गोष्ट आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या तोंडून ऐकल्याचे आठवत असेल, तर त्यांनी अवश्य कळवावे. पेढे देणे अद्याप बाकी आहे.