कडब्यासाठीही पेरलेली ज्वारी
पिकाचे धान्य काढून उरलेल्या मालावर दुभती जनावरे पोसणे हा चाराटंचाईतून अलीकडे सुचलेला उपाय आहे, असे धरून आज योजना आखल्या जातात. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्याचा इतिहास याच्या उलट आहे. सोलापूर, नगर, बीडकडचा शेतकरी रब्बी ज्वारी पेरताना भाकरी आणि कडबा यांचा हिशेब एकत्रच मांडत आला. चराईची राने आक्रसली तसा कडब्यावरचा भार वाढला. वनखात्याने राने बंद केल्याने गुराढोरांचे काय हाल झाले, हे महात्मा फुले यांनी १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिले होते. गव्हाणीत मग कडबा आणि तूर-हरभऱ्याचे भुसकट एवढेच उरले. दुभत्या जनावराला त्यावर सरकी, पेंड आणि चुणीचे आंबोण.

मालदांडी ज्वारीचा टिकाव याच हिशेबातून समजतो. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण अनेक दशके रब्बीत ठाण मांडून राहिला. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण आला. बुटका, लवकर येणारा आणि भरपूर धान्य देणारा हा वाण खरिपात पसरला, रब्बीत मात्र मालदांडीच राहिली. खोडमाशी आणि सरत्या ओलाव्यापुढे संकरित वाण तग धरत नव्हते, हे कारण खरे आहे. पण ते पुरेसे नाही. उंच, गोडसर ताटाचा, जनावरे आवडीने खाणारा कडबा शेकड्यावर विकला जातो आणि दुष्काळात धान्याच्या बरोबरीने घर तारतो. हैदराबादच्या चारा बाजारात झालेल्या अभ्यासात पचनीयता सुमारे ४७ वरून ५२ टक्क्यांवर गेली की कडब्याला जवळजवळ पावपट जास्त भाव मिळतो, असे दिसले. प्रयोगशाळेने मोजण्याआधीच गिऱ्हाईक हा फरक ओळखत होते. ज्या संशोधनाने उतारा म्हणजे फक्त धान्य असे मानले, त्याने पिकाचा अर्धा भाग नजरेआड केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पशुवैद्य म्हणतील की कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. त्यावर संकरित गाय दूध देणार नाही. बरोबर आहे, पण नुसत्या कडब्यावर दूध काढण्याची रीत पूर्वीही नव्हती. जोडीला घाण्याची पेंड असे आणि तिच्यात बरेच तेल शिल्लक राही. तेलबिया देशाबाहेर जाऊ लागल्या तशी ही जोड तुटत गेली. त्यांच्या निर्यातीने जमिनीचा कस बाहेर जातो, हे ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञ व्होल्करने भारतीय शेतीवरील १८९३ च्या अहवालात नोंदवले होते. पुढे द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्यांनी पेंडीतले तेल जवळपास संपवले, आणि सोयाबीनची पेंड तर परदेशी कोंबड्या-डुकरांसाठी जहाजांवर चढली. दुसरीकडे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात कंजारी येथे १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते सुरू झालेल्या सहकारी पशुखाद्य कारखान्याने पेंड, कोंडा आणि मळी एकत्र करून तीच जुनी जोड दूध उत्पादकांच्या मालकीत परत आणली. उसाचे वाढे मात्र कडब्याची जागा घेऊ शकत नाही: त्यातले ऑक्झलेट जनावराच्या अंगातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून महिनोन्‌महिने वाढ्यावरच ठेवलेल्या दुभत्या गाईला खनिज मिश्रण द्यावेच लागते.