सहीचा हक्क

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मैंदर्गीत कुणाला सांगितलं की मी हवाई दलात होतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग किती वर्षं विमान चालवलंत?" मी चालवलं नाही म्हटलं की समोरच्याचा उत्साह मावळतो. मी इंजिन फिटर. १९८४ साली भरती झालो, बेळगावजवळ सांबऱ्याला कवायत शिकलो, चेन्नईजवळच्या तांबरमला इंजिन शिकलो. घरात निम्मं कानडी बोलणाऱ्या आमच्यासारख्या सीमेवरच्या पोरांना बेळगाव कधी परकं वाटलं नाही. मास्टर वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झालो, तोवर बरीच वर्षं इंजिनवाल्यांच्या शिफ्टचा इन्चार्ज होतो.

त्या कामाचं सार एका वहीत असतं. तिला एफ-७०० म्हणतात. प्रत्येक विमानाची अशी वही असते. इंजिन, सांगाडा, वीज, रेडिओ, शस्त्रं, ज्यानं त्यानं आपापलं काम तपासून तिच्यात सही करायची. सगळ्यांच्या सह्या झाल्या की शेवटची सही वैमानिकाची, आणि मगच तो शिडी चढतो. खाली सही नाही, तर वर उड्डाण नाही. ही सही आधी कुणाच्या हातात होती आणि ती आपल्या माणसांच्या हाती कशी आली, हाच माझ्या धंद्याचा इतिहास.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिलं स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभं राहिलं. विमानं चार, वेस्टलँड वापिटी, दोन पंखांची, पुढे ब्रिस्टॉल ज्युपिटर इंजिन. माणसं म्हणजे सहा अधिकारी आणि एकोणीस 'हवाई सिपाही'. हे सिपाही म्हणजे आमचे मूळपुरुष. देखरेखीला रॉयल एअर फोर्सचे अनुभवी गोरे तंत्रज्ञ होते. भारतीय माणूस विमान उडवायला शिकेलही, पण इंजिन त्याच्या भरवशावर सोडता येईल का, ही शंका त्या काळी उघड बोलली जायची.

त्या सिपायांत हरजिंदर सिंग होते. लाहोरच्या मॅक्लेगन इंजिनिअरिंग कॉलेजचा हुशार विद्यार्थी, मनात आणलं असतं तर चांगली नोकरी मिळाली असती. ते शिपाई म्हणून भरती झाले. १९४२ च्या फेब्रुवारीत पहिलं स्क्वाड्रन ब्रह्मदेशात तौंगू इथं होतं, नेतृत्व के. के. मजुमदारांचं. हाताशी होती लायसँडर विमानं, टेहळणीसाठी आणि पायदळाच्या मदतीसाठी बनवलेली, संथ. हरजिंदर यांनी आणि त्यांच्या माणसांनी त्यांना अडीचशे पौंडी बॉम्ब लटकवण्याची सोय केली आणि ही विमानं जपानी तळांवर हल्ल्याला गेली. तोपर्यंत भारतीय तंत्रज्ञाच्या सहीबद्दल शंका घेणाऱ्यांना या मोहिमेनं परस्पर उत्तर दिलं. हरजिंदर पुढे अधिकारी झाले आणि एअर व्हाइस मार्शलपदापर्यंत पोचले.

आता सोलापूरकडे येतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. आमच्याकडे त्यांचं नाव साखर कारखाना, जहाजं आणि बांधकामांशी जोडलं जातं. पण २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढणारेही तेच. जपान युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचे भाग विकत घेतले, आणि १९४३ मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला. विमानं बांधण्याचं स्वप्न बाजूला पडलं आणि जागा दुरुस्तीचं मोठं केंद्र झाली. कॅटॅलिना उडत्या नौका, डाकोटा वाहतूक विमानं, त्यांची इंजिनं तिथं उघडली जायची, धुतली जायची, मोजली जायची, पुन्हा जुळवली जायची.

यामुळे उत्पादन मागे पडलं अशी हळहळ बरेच जण करतात. इंजिनवाल्याच्या नजरेनं मला ते वेगळं दिसतं. कॅटॅलिना आणि डाकोटा या दोन्हींवर प्रॅट अँड व्हिटनीचं चौदा सिलिंडरांचं एकाच घराण्याचं इंजिन. तेच इंजिन हजारदा उघडून बंगळूरच्या कामगारांचे हात तयार झाले. २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटांनी पालमहून श्रीनगरला सैन्य उतरवलं, तेव्हा हे इंजिन ओळखणारी माणसं देशात होती. फाळणीत कराचीचा डेपो गेला, पण हात गेले नाहीत.

त्या हातांचा खरा कस कानपूरला लागला. युद्ध संपल्यावर दोस्तांनी शंभराच्या आसपास लिबरेटर बॉम्बफेकी विमानं तिथं मोडून टाकली होती, कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम निकामी करून. एकेका विमानाला चार इंजिनं, आणि तीही त्याच प्रॅट अँड व्हिटनी घराण्यातली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी भंगारातून धड भाग निवडले, उडण्यापुरती डागडुजी केली आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी एकेक विमान बंगळूरला घेऊन गेले. तिथं पूर्ण दुरुस्ती झाली. चाळीसच्या वर लिबरेटर अशी परत उभी राहिली आणि १९६८ पर्यंत हवाई दलात राहिली. ज्यांनी ती कानपूरला टाकली त्यांना हे घडेल असं वाटलं नव्हतं.

२६ जानेवारी १९५५ ला देखभालीसाठी स्वतंत्र कमांड स्थापन झाली, मेंटेनन्स कमांड. तिचं मुख्यालय आज नागपूरला आहे. या कमांडचं नेतृत्व हरजिंदर सिंगांकडे आलं. त्यांच्या काळात कानपूरला ॲव्रो ७४८ बांधण्याचं काम झालं, आणि पहिलं विमान १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. एकेकाळचा हवाई सिपाही आता साऱ्या दलाच्या दुरुस्तीचा प्रमुख होता.

मग आला मिग-२१, आणि त्याच्याबरोबर महाराष्ट्रही या इतिहासात ठळकपणे आला. सोव्हिएत संघाशी १९६२ मध्ये करार झाला. कामाची वाटणी अशी झाली: सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक साहित्य हैदराबादला. १९६४ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट दुसऱ्या सरकारी कंपनीशी एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. पुढे ओझरलाच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आला. लढाऊ विमानं पूर्ण उघडून तिथं दुरुस्त होतात, आणि आज सुखोई-३० वरही काम चालतं. नाशिकच्या द्राक्षबागांवरून जाणारा आवाज ऐकून मोठी झालेली मुलं पुढे तिथंच फिटर झाली.

मी मिग-२१ वर आलो तोवर हा वारसा पक्का झाला होता. या विमानाचं इंजिन काढायचं म्हणजे विमानाचे दोन तुकडे करायचे. मधल्या सांध्यापाशी इंधनाच्या नळ्या, हायड्रॉलिक, विजेचे प्लग, शेपटीकडे जाणारे दांडे सोडवायचे, शेपटीचा अख्खा भाग ट्रॉलीवर मागे ओढायचा, मग इंजिन बाहेर. उलट क्रमानं सगळं जोडलं की ग्राउंड रन: चाकांना ठोकळे, शेपूट साखळीनं जमिनीला बांधलेली, आणि इंजिन आयडलपासून रिहीटपर्यंत, म्हणजे मंद गतीपासून पूर्ण जोरापर्यंत, चढवायचं. तेव्हा छातीचा पिंजरा थरथरतो, आणि डोळे मात्र दोनच आकड्यांवर असतात, फेऱ्यांवर आणि जेपीटीवर, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानावर.

आजारी इंजिन आधी इशारा देतं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत गेला की लोखंड, तांबं किती ते कळतं. आकडा हळूहळू चढत असेल तर कुठलं तरी बेअरिंग झिजतंय. मॅग्नेटिक प्लगवर बारीक कीस चिकटलेला दिसला तर तीच गोष्ट. बोरोस्कोप, म्हणजे आत डोकावायची बारीक दुर्बीण, घालून पात्यांच्या कडा बघायच्या. आमच्या मैंदर्गीच्या विहिरींवर डिझेल इंजिनाच्या धुरावरून म्हातारी माणसं रोग सांगायची, तसंच हे, फक्त इथं धूर दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

पण इन्चार्जचं काम पान्याचं नसतं. पाना पोरांच्या हातात असतो. धावपट्टीजवळ सकाळी सगळ्यांनी रांगेत चालत खडे, स्क्रू, तारेचे तुकडे वेचायचे, त्याला आम्ही फॉड वॉक म्हणायचो. इंजिनाच्या तोंडात एक नट गेला तरी पाती फाटतात. पेटीतल्या प्रत्येक हत्याराची जागा कोरलेली, काम संपलं की मोजणी. एका रात्री एक नवा पोरगा माझ्यापाशी आला, चेहरा पांढरा. लॉकवायरचा, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेचा, कापलेला तुकडा सापडत नव्हता. पहाटेचं उड्डाण ठरलेलं होतं. मी विमान थांबवलं. तासाभरानं तो तुकडा त्याच्याच ओव्हरऑलच्या दुमडलेल्या बाहीत मिळाला. उशीर झाला, वर जाऊन उत्तर मी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टसमोर त्या पोराचं नाव घेऊन कौतुक केलं. तो शिव्या खाईल असं बाकीच्यांना वाटलं होतं. त्याला शिव्या दिल्या असत्या तर पुढच्या खेपेला तो गप्प राहिला असता, आणि त्याच्या बघण्यावरून बाकीचे सगळे. इन्चार्जनं शिफ्टमध्ये जपायचं ते एवढंच: सर्वांत धाकट्यालाही "थांबा" म्हणता आलं पाहिजे.

मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला गेला. आमच्या पिढीचं इंजिन गेलं, सुखोईची इंजिनं कोरापूटला तयार होतायत. मला चिंता आहे ती माणसं घडण्याची. २०२२ पासून अग्निपथ योजनेत मुलं चार वर्षांसाठी येतात, त्यांतली जास्तीत जास्त चौथाई पुढे ठेवली जातात. चार वर्षांत हाताला पाना सरावतो. पण दुसऱ्यानं केलेलं काम तपासून त्याखाली सही करायची, आणि वरून दडपण असताना ती नाकारायची, हे त्याहून उशिरा येतं. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: चौथाई निवडताना वेगापेक्षा ही नकाराची हिंमत मोजावी.

जे बाहेर पडतील त्यांच्यासाठीही सांगतो, कारण अक्कलकोट तालुक्यातली मुलं मला विचारायला येतात. नागपूरच्या मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचं केंद्र आहे, तिथं तुमच्या हाताला मागणी असेल. पण हवाई दलातली सही नागरी विमानाला चालत नाही; त्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. दलात असतानाच पुस्तकं उघडा. हरजिंदर सिंग शिपाई म्हणून भरती झाले, ते अभियांत्रिकी शिकून.