प्रॉक्सी : शेजारी बसून दूरचे बोलणाऱ्या प्रतिनिधीचा इतिहास

#थ्रेड

१/ बँकेच्या शाखेतला प्रोग्रॅम मुख्यालयातल्या संगणकाकडून काम करवून घेतो, तेव्हा तो बहुधा त्या दूरच्या घटकाशी थेट बोलत नाही. तो बोलतो आपल्याच यंत्रातल्या एका प्रतिनिधीशी. या प्रतिनिधीला 'प्रॉक्सी' म्हणतात. दूरचे काम जवळच्यासारखे भासावे की भासू नये, या वादाचा हा इतिहास आहे.

२/ मराठी इतिहासाच्या वाचकाला ही व्यवस्था अनोळखी नाही. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रज कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. दरबाराने मॅलेटशी बोलावे आणि त्याने ते कंपनी सरकारला कळवावे, अशी रीत होती. प्रतिनिधी समोर बसलेला असे. परंतु त्याच्या धन्याचे उत्तर यायला लागणारे दिवस त्यामुळे कमी होत नसत.

३/ संगणकाच्या जगात या विचाराची स्पष्ट मांडणी १९७६ मध्ये झाली. 'अर्पानेट'वर प्रत्येक सेवेशी बोलण्याची रीत निराळी होती. जेम्स व्हाइट यांनी आरएफसी ७०७ या टिपणात सुचवले की दूरच्या यंत्राकडे मागितलेली सेवा ही प्रोग्रॅममधल्या साध्या 'प्रोसीजर कॉल'सारखी असावी : नाव सांगावे, माहिती द्यावी, उत्तर घ्यावे.

४/ या कल्पनेला भक्कम रूप मिळाले कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांचा शोधनिबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या रचनेत दोन्ही टोकांना एकेक 'स्टब' असे. मागणाऱ्याकडचा स्टब माहितीची मोट बांधून पाठवी. पलीकडचा स्टब ती सोडवून खऱ्या प्रोसीजरला हाक मारी. उत्तर त्याच वाटेने परत येई. हे स्टब माणसाने लिहायचे नसत. 'ल्युपाइन' नावाचा प्रोग्रॅम ते तयार करी.

५/ त्या निबंधातले मोजमाप बोलके आहे. काहीही माहिती न नेणारी रिकामी हाक दूरच्या यंत्रावर जाऊन यायला सुमारे १,१०० मायक्रोसेकंद लागत. तीच हाक त्याच यंत्रात मारली तर ९. लिहिताना दोन्ही हाका सारख्याच दिसत. खर्चात मात्र शंभराहून अधिक पटींचे अंतर होते.

६/ अंतर केवळ वेळेचे नव्हते. उत्तर आले, तर काम नेमके एकदाच झाले याची हमी होती. मधेच यंत्र वा जाळे कोसळले, तर मागणाऱ्याला फक्त अपयश कळे. काम एकदा झाले की झालेच नाही, हे कळत नसे. पैसे वळते करण्याची आज्ञा दिली आणि उत्तर आले नाही, तर पुन्हा आज्ञा द्यावी का? शेजारच्या प्रोसीजरबाबत हा प्रश्न असा उद्भवत नाही.

७/ १९८६ मध्ये फ्रान्सच्या 'इन्रिया' संस्थेतील मार्क शापिरो यांनी 'प्रॉक्सी तत्त्व' मांडले. सेवा हवी असेल, तर आधी त्या सेवेचा प्रॉक्सी मिळवावा. सेवेचे दिसणारे रूप तेवढेच. प्रॉक्सी आता नुसता निरोप्या राहिला नाही. काही कामे तो जागच्या जागीच उरकू शकत होता.

८/ पुढे हा विचार उद्योगात शिरला. १९८९ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये 'कोर्बा' हे मानक आले. वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले, वेगवेगळ्या यंत्रांवरचे घटक प्रॉक्सींमार्फत एकमेकांशी बोलू लागले. ध्येय मोठे होते : वस्तू जवळ आहे की दूर, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कळण्याची गरजच पडू नये.

९/ १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो, जेफ वायंट, अॅन वॉलरथ आणि सॅम केंडॉल यांनी या ध्येयालाच आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे : विलंब, स्मृतीचा वापर, समांतर चालणारी कामे आणि अर्धवट अपयश या चार बाबतींत जवळचे आणि दूरचे मुळातच भिन्न आहे. हा भेद झाकला की तो नाहीसा होत नाही. तो नको त्या वेळी उघडा पडतो.

१०/ हा विचार कागदावर राहिला नाही. १९९७ मध्ये जावा भाषेत 'आरएमआय' आले. त्याच्या रचनेत वॉलरथ आणि वाल्डो यांचा वाटा होता. येथेही स्टब होताच. पण दूरून हाक मारता येणाऱ्या प्रत्येक पद्धतीने 'रिमोट-एक्सेप्शन' जाहीर करणे सक्तीचे होते. अपयशाची शक्यता प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहिली गेली. प्रतिनिधी ठेवला, सोंग टाकले.

११/ तरीही मोह सुटला नाही. १९९८ मध्ये 'एंटरप्राइझ जावाबीन्स' आले. येथे ग्राहकाच्या हाती खरा घटक कधीच पडत नसे. व्यवहार सांभाळणे, अधिकार तपासणे ही कामे मधली व्यवस्था करी. सोय मोठी होती. पण दोन्ही घटक एकाच यंत्रात असले, तरी हाक दूरच्या रीतीनेच जाई. ग्राहकाचे नाव, पत्ता, शिल्लक अशी एकेक बाब स्वतंत्रपणे मागणारे प्रोग्रॅम त्यामुळे रेंगाळू लागले.

१२/ सुधारणा २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाली. घटकाला 'लोकल' आणि 'रिमोट' अशी दोन दारे मिळाली. जवळच्याने लोकल दाराने यावे, दूरच्याने रिमोट. कोणते दार वापरायचे, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे. २००२ मध्ये मार्टिन फाउलर यांनी आपल्या ग्रंथात वितरित वस्तूंचा पहिला नियम सांगितला : वस्तू वितरित करूच नका.

१३/ प्रॉक्सी संपला का? मुळीच नाही. २०१५ मध्ये गूगलने खुल्या केलेल्या 'जीआरपीसी'तही स्टब आहे. फरक असा की हाकेबरोबर उत्तराची मुदतही ठरवता येते. मुदत उलटली तर पुढे काय, याचा विचार लिहिणाऱ्याने आधीच करायचा असतो.

१४/ प्रॉक्सीने दूरच्याशी बोलणे सोपे केले, हे त्याचे खरे यश. अंतर मिटल्याचा भास मात्र प्रत्येक पिढीला महाग पडला. प्रतिनिधी समोर बसला आहे म्हणून धनीही समोरच आहे असे मानू नये, हे दरबारी शहाणपण संगणकशास्त्राला स्वतःच्या अनुभवातून पुन्हा शिकावे लागले.

(समाप्त)