मामाच्या विमानाचं नाक

माझा मामा हवाईदलात एअरफ्रेम फिटर होता, लिबरेटर बाँबरवर. नाकावर काय चित्र होतं, असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे: "चित्र कसलं? ठिगळं होती."

ठिगळं कानपूरची. अमेरिकेनं ही विमानं ब्रिटनला लेंड-लीज करारानं दिलेली. युद्ध संपल्यावर ती परत करायची, नाहीतर निकामी करायची. ब्रिटिशांनी कानपूरला दुसरा मार्ग धरला. काहींवर ट्रक घातले, काहींच्या इंजिनात वाळू ओतली, पत्र्याला भोकं पाडली. १९४८ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं त्या भंगारात शिरली. एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं झालं की कंपनीचे वैमानिक जिमी मुन्शी ते बंगलोरला न्यायचे, खरी दुरुस्ती तिथे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यांतल्या पहिल्या विमानांवर पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे लिबरेटर पुण्याला लोहगावला आले आणि सहा नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावरून समुद्रावर गस्त घालू लागली.

मामाचा एकच फोटो घरात आहे. हाफपँटमधला मामा, डोक्यावर पंख, मागे विमानाची कूस. मामी हा फोटो लग्नानंतरचा म्हणायची, म्हणजे १९५३ च्या पुढचा. कुशीवरची खूण मात्र वेगळं सांगते. तिथे आऱ्यांचं अशोकचक्र आहे. स्वातंत्र्यानंतर हवाईदलानं ते घेतलं आणि १९५० मध्ये तिरंगी वर्तुळं आली, तेव्हा ते गेलं. म्हणजे फोटोतला मामा अविवाहित आहे, आणि बहुधा म्हणूनच इतका ऐटीत उभा आहे.

चक्र नसलेल्या कृष्णधवल फोटोत केशरी काय नि हिरवा काय, दोन्ही करडेच, त्यामुळे रंगावर विसंबता येत नाही, आकार बघावा लागतो. गडद कड्यात नुसता फिकट ठिपका असेल तर ती ब्रिटिशांची युद्धातली खूण. जपानी सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी वर्तुळातला लाल रंगच काढून टाकला होता. गडद कडं आणि ठिपका यांच्यामध्ये पांढरा पट्टा असेल तर विमान बहुधा आपलं.

चक्राच्या पुढे "एचई" ही अक्षरं दिसतात. पुढचे आकडे मामाच्या खांद्यामागे गेलेत. एवढा रुंद खांदा कशाला हवा होता माणसाला!

१९६८ मध्ये ही विमानं निवृत्त झाली. तोवर जगात इतरत्र लिबरेटर जवळपास संपलेच होते, त्यामुळे परदेशी संग्रहालयं आपल्याकडे वळली. एक विमान अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयात गेलं, एक १९७४ मध्ये ब्रिटनला. ते आता तिथे पुन्हा ब्रिटिश रंगात उभं आहे. तिसरं अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं उडतं केलं आणि त्याच्या नाकावर आधी 'ऑल अमेरिकन', मग शेपटीवाला ड्रॅगन, मग 'विचक्राफ्ट'ची चेटकीण रंगवली. खरी 'विचक्राफ्ट' इंग्लंडमधल्या रॅकहीथहून १३० मोहिमांवर गेलेली. तिचा मान मोठाच, पण हे विमान ती नव्हे. याच्या आयुष्याची वीसेक वर्षं भारतीय हवाईदलात गेली आणि ती चेटकिणीच्या रंगाखाली गाडली गेली. नाकावर काही काढायचंच होतं, तर निदान एक ठिगळ तरी काढायचं.